दांडिया बाजारच्या काकूंना, मनापासून थँक्यू

प्रिय काकू,

तुम्हाला समोर बसून थँक्यू म्हटलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषयच बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आणि अजून एक कारण आहे, आपल्या वडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत), पादऱ्याकडे, वाघोडियाला कितीतरी मराठी मुलंमुली रोज इंग्रजीतून मेल, मॅन्युअल, रिपोर्ट लिहितात आणि त्यांना तुमच्यासारखं कोणी भेटलेलं नसतं. त्यांच्याही हाती हे लागू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमची कंपनी पंप बनवते, पंपाबरोबर जे मॅन्युअल जातं ते सुधारायचं काम माझ्याकडे आलं. मूळ मजकूर कोणी लिहिला ते आता कोणालाच ठाऊक नाही, एका मॉडेलचा दुसऱ्याला कॉपी होत होत आलेला. काकू शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आता रिटायर आहेत, तर मी प्रिंट घेऊन गेले आणि म्हटलं जरा ग्रामर बघून द्या ना. काकूंनी पहिला प्रश्न काय विचारावा? "हे वाचणार कोण, आणि बसून वाचणार की उभ्याने?"

काकू, त्या प्रश्नाने माझं सगळं कामच बदललं खरंच. वाचणारा म्हणजे केनियातल्या मोम्बासातला नाहीतर इथलाच एखादा फिटर, हात ग्रीसने भरलेले, इंग्रजी त्याची तिसरी भाषा, पंपाशेजारी उभा, एका हाताने पान धरलेलं. आणि त्याच्यासाठी आमच्या मॅन्युअलमधे वाक्य होतं, "द ड्रेन व्हॉल्व्ह शुड बी ओपन्ड आफ्टर एन्शुअरिंग दॅट द पंप इज स्टॉप्ड अँड द प्रेशर इज रिलीज्ड." ग्रामरला काही म्हणजे काही हरकत नाही. पण तुम्ही पेन्सिल घेतलीत आणि त्या वाक्यातल्या तीन कामांवर आकडे टाकलेत, ज्या क्रमाने ती करायची त्या क्रमाने. व्हॉल्व्ह उघडायचं काम वाक्यात पहिलं आणि आकडा तीन! म्हणजे जो माणूस वाचत वाचत काम करतो तो प्रेशर असतानाच व्हॉल्व्हला हात घालणार. खाली तुम्ही तीन ओळी लिहिल्यात: स्टॉप द पंप. रिलीज द प्रेशर. ओपन द ड्रेन व्हॉल्व्ह. बस. ते पान मी ऑफिसच्या ड्रॉवरमधे ठेवलंय, नवीन कोणी जॉइन झालं की पहिलं तेच दाखवते.

त्याच "शुड बी" वर तुम्ही आणखी थांबलात. "द व्हॉल्व्ह शुड बी क्लोज्ड" म्हणजे तो बंद कर, की तो बंदच असेल, की बंद असलेला बरा? तिन्ही अर्थ निघतात. "क्लोज द व्हॉल्व्ह" चा एकच निघतो. मग "रिप्लेस". कव्हर काढा, साफ करा आणि रिप्लेस करा, असं आमच्याकडे जागोजागी होतं. इंग्रजीत रिप्लेसचा अर्थ काढलेली वस्तू परत जागेवर लावणं असाही होतो आणि नवीन लावणं असाही, आणि गॅस्केटच्या, म्हणजे जोडातून गळू नये म्हणून मधे बसवतात त्या पट्टीच्या, बाबतीत हा फरक म्हणजे गळती. आता आम्ही जुनंच लावायचं असेल तिथे "इन्स्टॉल द सेम गॅस्केट" आणि नवीन असेल तिथे "इन्स्टॉल अ न्यू गॅस्केट" लिहितो, दोन शब्द जास्त गेले तर जाऊ देत.

नंतर कळलं की विमानांच्या मॅन्युअलसाठी ह्याचे चक्क नियम आहेत, सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात त्याला, पहिली गाइड 1986 ची, कारण विमान दुरुस्त करणाऱ्या कितीतरी मेकॅनिकची मातृभाषा इंग्रजी नसतेच. कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचं, माहिती देणारं 25 चं, शक्यतो एका शब्दाचा एकच अर्थ, एकापुढे एक जोडलेल्या नामांची माळ तीन शब्दांच्या पुढे नाही. मी धावत तुम्हाला सांगायला आले तर तुम्ही म्हणालात, "अगं, चौथीच्या मुलांना मी हेच सांगायचे."

मेलच्या भाषेबद्दल पण लिहायलाच हवं. "प्लीज डू द नीडफुल" हे जुनं ऑफिसी इंग्रजी आहे, साहेबाच्या काळापासून फायलींमधे राहिलंय, त्यात चूक अशी नाही पण नीडफुल म्हणजे नक्की काय ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहतं. तुम्ही मला दर वेळी विचारायचात, "त्याने काय करायचं, कधीपर्यंत?" आणि उत्तर आलं की म्हणायचात, "मग हेच लिही." तर आता आम्ही लिहितो, सही केलेलं ड्रॉइंग शुक्रवारपर्यंत पाठवा. "वी विल रिव्हर्ट" च्या जागी "वी विल रिप्लाय", कारण भारताबाहेरच्या बऱ्याच लोकांना रिव्हर्ट म्हणजे आधीच्या स्थितीला परत जाणं एवढंच माहीत असतं. "सिन्स टू इयर्स" च्या जागी "फॉर टू इयर्स". सर्व्हिस इंजिनिअरच्या माहितीत "पास्ड आउट फ्रॉम एमएस युनिव्हर्सिटी" असायचं, ते "ग्रॅज्युएटेड" केलं, बाहेरच्या माणसाला पास्ड आउट म्हणजे चक्कर येऊन पडला असं वाटतं.

पण मला सर्वात आवडलं ते हे की तुम्ही जे खटकत नाही त्याला हातच लावला नाहीत. "प्रीपोन" मी खोडायला निघाले होते तर तुम्ही अडवलंत, शब्द सरळ आहे, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, इथल्या माणसाला लगेच समजतो, राहू दे. इथल्या कोटेशनमधे लाख आणि कोटी राहिले, फक्त बाहेर जाणाऱ्यात मिलियन. आपलं इंग्रजी इंग्रजांसारखं दिसावं हा तुमचा हेतू कधीच नव्हता, वाचणाऱ्याला अडू नये एवढाच होता, आणि माझ्या मते हे फार थोड्या लोकांना जमतं. बाकीचे दुसऱ्याचं इंग्रजी सुधारताना त्या माणसालाच लहान करून टाकतात.

कोयलीच्या रिफायनरीकडून येणारे टँकर हायवेला दिसतात ना, आपल्याकडच्या कितीतरी टँकरवर "हायली इन्फ्लेमेबल" लिहिलेलं असतं. इंग्रजी थोडंफार येणाऱ्याला ते "इन" बघून वाटू शकतं की न पेटणारं, आणि अर्थ बरोब्बर उलटा, चटकन पेटणारं. म्हणूनच सेफ्टीवाले आता "फ्लेमेबल" लिहा म्हणतात. आमच्या सॉल्व्हंट पंपाच्या लेबलवर तोच जुना शब्द होता, तुम्ही सांगितल्यावर नवीन लेबलं छापून घेतली. स्टोअरमधल्या भाईने नवीन लेबल वाचलं आणि म्हणाला, "हवे समजाय छे," म्हणजे आता समजतं. काकू, माझ्यासाठी ह्याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

आणि तुम्ही सांगितलेली सयाजीराव महाराजांची गोष्ट मी ऑफिसमधे सगळ्यांना सांगितली. 1931 मधे बडोदे सरकारने श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु काढला, कारभारातल्या शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली आणि इंग्रजी असे प्रतिशब्द एकाच जागी. ज्या गावात राज्यकारभाराचे शब्द ठरवायला एवढी मेहनत घेतली त्या गावात आपण एका पंपाचं मॅन्युअल तरी धड लिहूया, हे तुमचं वाक्य. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरना ते इतकं पटलं की आता मॅन्युअल छापायला जायच्या आधी शॉपमधल्या एका फिटरला वाचायला देतात, आणि जिथे तो अडतो ते वाक्य परत माझ्या टेबलवर.

एवढे रविवार तुम्ही ह्यात घातलेत, काकांचं जेवण थांबवून घातलेत, एक पैसा घेतला नाहीत, वर मला परत जाताना शेवउसळीसाठी पाव आणायला पैसे दिलेत. मनापासून थँक्यू काकू. कंट्रोल पॅनलच्या वॉर्निंगचा प्रिंट काढून ठेवलाय, त्यात एक वाक्य 43 शब्दांचं आहे. ह्या रविवारी अकरा वाजता येते, पाव मी घेऊन येईन.

तुमची,
मकरपुऱ्याची मॅन्युअलवाली