हातमोजा काढलात, त्याबद्दल

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. इंग्रजीतलं पत्र तुम्हाला चर्चच्या पत्त्यावर पाठवलंच आहे. हे मराठीतलं आमच्या माणसांनीही वाचावं म्हणून लिहितेय. का, ते पुढे येईलच.

शिकागोच्या साउथ साइडवरच्या, म्हणजे शहराच्या मुख्यतः कृष्णवर्णीय वस्तीच्या भागातल्या, तुमच्या चर्चमध्ये त्या संध्याकाळी एकट्या सॅक्सोफोनची मैफल होती. साथीला कुणी नाही, कृष्णवर्णीयांच्या संगीतपरंपरेला वाहिलेला सबंध कार्यक्रम एकट्याने वाजवायचा. माझे वडील सांगलीहून माझ्याकडे आलेत. त्यांचं आयुष्य बँड पार्टीत सॅक्सोफोन वाजवण्यात गेलं. वराती, गणपतीच्या मिरवणुका, उरूस. ट्रंपेट आणि ताशाच्या कुशीत उभं राहून राहून कान गेले. आता दोन्ही कानांत मशीन आहे आणि ते मधूनच शीळ घालतं.

याच शिळेपायी आधी शहरातल्या एका मोठ्या सभागृहातून आम्हाला मध्येच उठवलं होतं. तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण बाबांशी दोन शब्द बोलावेत असं तिथे कुणालाही वाटलं नाही. जे काही सांगायचं ते मला सांगत होते, जणू शेजारी माणूसच उभा नव्हता. आणि आपली मंडळी? ‘काकांना जॅझमधलं काय कळणार?’ ‘साउथ साइडला, तेही अंधार पडल्यावर?’ असं म्हणणारे इथे वर्षानुवर्षं राहतात आणि त्या भागात एकदाही गेलेले नाहीत. मला त्यांचा राग आला होता, अजून गेलेला नाही.

वादकाने सुरुवातीला थोडंच सांगितलं. जॅझ सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सने साथीला कुणी नसलेली एक रचना १९४८ च्या सुमारास ध्वनिमुद्रित केली. मग १९६५ मध्ये याच साउथ साइडवर कृष्णवर्णीय कलावंतांनी स्वतःची संघटना उभी केली, आणि त्यातल्याच अँथनी ब्रॅक्स्टनने १९६९ मध्ये एकट्या ऑल्टो सॅक्सोफोनवर अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला. बाबांना मी कानाशी लागून सांगत होते. ऑल्टो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. ते त्यांचंच वाद्य.

मग वादकाने जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं ‘अलाबामा’ घेतलं. १५ सप्टेंबर १९६३, रविवार, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममधल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी बॉम्ब लावला आणि चार मुली मारल्या. तीन चौदा वर्षांच्या, एक अकरा. त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांत कोल्ट्रेनने हे ध्वनिमुद्रित केलं. अशा रचनेच्या ऐन शांततेत बाबांचं मशीन वाजलं. मी गोठलेच. बाबांनी घाईघाईने दोन्ही मशीन काढून खिशात टाकली आणि खाली मान घालून बसले. आता त्यांना जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं.

तुम्ही, लोकांना जागा दाखवणाऱ्या चर्चच्या सेविका, भिंतीशी उभ्या होतात. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, एक हात पाठीमागे. आलात ती आम्हाला उठवायलाच, असं मला वाटलं. तुम्ही बाबांपुढे हात केलात आणि त्यांना कडेला नेलंत, वादकापासून चार पावलांवर, बंद करून ठेवलेल्या पियानोपाशी. उजवा हातमोजा काढलात. आधी स्वतःचा तळवा लाकडावर टेकवलात, थोडा खाली सरकवलात, परत थोडा डावीकडे. जागा सापडली तेव्हा बाबांचा हात उचलून तिथे ठेवलात आणि वर आपला हात ठेवून तशाच थांबलात. सॅक्सोफोन खालच्या सुरांत उतरला की ते लाकूड थरथरत होतं. बाबांची बोटं हळूहळू हलायला लागली. लाकडावर ते सॅक्सोफोनच्या कळा दाबत होते.

एवढंच. एक शब्द नाही, कुणाकडे पाहून सोशिकपणे हसणं नाही. ‘बिचारे’ असा भाव तर नाहीच. तुम्ही त्या माणसाला श्रोता म्हणून वागवलंत.

तुम्हाला ठाऊक नसेल, आमच्याकडे लग्नात बँडवाल्यांची पंगत सगळ्यांत शेवटी बसते, तीही मांडवामागे. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या कॉटन क्लबमध्ये कृष्णवर्णीय जॅझ वादक ड्यूक एलिंग्टन वाजवायचे तेव्हा टेबलांवर गोरे असत. संगीत हवं, ते वाजवणारा मात्र शेजारी नको, ही रीत दोन्हीकडची. १९३५ मध्ये लिऑन ॲबींचा कृष्णवर्णीयांचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला, तिथल्या गोव्याच्या वादकांनी असल्या बँडवाल्यांकडून जॅझ उचललं, आणि पुढे त्याच गोवेकरांनी हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा भरले. बाबा वरातीत तीच सिनेमाची गाणी वाजवायचे. म्हणजे तुमच्या लोकांचं देणं आमच्या घरात आधीपासूनच होतं. हे मला त्या रात्री परतताना बाबांनीच सांगितलं. काकांना काय कळणार म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

बाबांचा आता हट्ट आहे की तुमचा रविवारचा क्वायर, म्हणजे चर्चमधलं समूहगान, ऐकायचा, त्याच पियानोला हात लावून. येत्या रविवारी आम्ही दोघंही येतोय. बाबा म्हणतात, या वेळी त्या बाईंना उभं राहू द्यायचं नाही, शेजारी बसवायचं.

तुमची ऋणी,
सांगलीच्या बँडवाल्याची मुलगी