चौरस फुटाचा दर, पण कोणत्या क्षेत्रफळाचा?

ठाण्यातील घरांच्या वाढत्या किमतींविषयीची आपली बातमी वाचली. घोडबंदर रस्त्यावरचे दर त्यात दिले आहेत, पण ते कार्पेट क्षेत्रफळाचे (घराच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेचे) की 'सुपर बिल्टअप'चे (भिंती आणि जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागांचा वाटा धरून), हे कुठेच स्पष्ट होत नाही. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार नव्या प्रकल्पात कार्पेट क्षेत्रफळ जाहीर करणे बंधनकारक आहे, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत महारेराचा (राज्याच्या नियामक प्राधिकरणाचा) क्यूआर कोडही सक्तीचा आहे. फेरविक्रीच्या घरांचे काय? जाहिरातीतले 'साडेसहाशे फूट' टेप लावल्यावर साडेचारशेच्या आसपास भरतात, हे मी या व्यवसायात वारंवार पाहतो, आणि कर्जाच्या हप्त्याचा हिशेब करून आलेल्या जोडप्याचा चेहरा तिथेच, रिकाम्या हॉलमध्ये, उतरतो. कृपया दराशेजारी 'कार्पेट' हा शब्द छापावा.

– एक घरविक्री मध्यस्थ, ठाणे (पश्चिम)