विषय: ‘प्रिव्हिलेज्डवर टिक करा’ हे उत्तर मला मान्य नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,

आज दुपारी तुमच्या माणसाने स्टोरेज बॉक्सबद्दलची माझी तक्रार ‘निकाली’ असा शेरा मारून बंद केली. इथे काहीच निकाली निघालेलं नाही, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

मी पुण्यातल्या एका लहान सर्वेक्षण कंपनीत सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळते. ड्रोनचे फोटो जोडून नकाशे करणारी अकरा लिनक्स मशिन्स तुमच्या स्टोरेज बॉक्समधून एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली वाटून घ्यायची पद्धत) फाइली घेतात. कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, एनएफएस सर्व्हर वापरणारा स्वस्त बॉक्स सोडून आम्ही तुमचा महाग बॉक्स घेतला, कारण त्यात एनएफएस-गणेशा हा सर्व्हर यूझर-स्पेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या बाहेर, वेगळ्या कंटेनरमध्ये (बाकी यंत्रणेपासून तोडलेल्या कप्प्यात) चालतो. सर्व्हर कोसळला तरी कर्नलला धक्का नाही, आणि कोणी त्यात शिरलंच तरी बाकीच्या बॉक्सला हात लावता येणार नाही, असं विक्रीच्या वेळी आम्हाला सांगितलं होतं. ते वेगळेपण हीच आमची खरेदी होती.

मागच्या महिन्यातल्या अपडेटनंतर सर्व्हर चालू दिसतो, पण फाइल उघडायला गेलं की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. दोन रात्री बसून मी कारण शोधलं. एनएफएसचा क्लायंट, म्हणजे आमचं मशिन, फाइल मागतो ती नावाने नाही, हँडलने (सर्व्हरने त्या फाइलला दिलेल्या ओळखखुणेने). सर्व्हरला त्या हँडलवरून फाइल उघडावी लागते, त्यासाठी ‘ओपन बाय हँडल अ‍ॅट’ ही सिस्टिम कॉल (कर्नलकडे करायची विनंती) आहे, आणि ती वापरायला कर्नल ‘कॅप डॅक रीड सर्च’ ही कॅपेबिलिटी (खास परवानगी) मागतो. जुन्या आवृत्तीत तुमच्या कंटेनरला ती दिलेली होती, नव्या आवृत्तीत ती काढली आहे. मी दोन्हीची सेटिंग्ज शेजारी ठेवून पाहिली आणि एस-ट्रेसची (सिस्टिम कॉल टिपणारं साधन) नोंदही तक्रारीला जोडली. ती कोणी उघडून पाहिली नाही.

आजचं संभाषण जसंच्या तसं सांगते, कारण त्याची कल्पना तुम्हाला असायला हवी. चाळीस मिनिटं होल्डवर ठेवल्यावर एक गृहस्थ फोनवर आले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, ऑफिसमध्ये सर्व्हर बघणारे कोणी सर असतील तर त्यांना फोन देता का?” मी म्हटलं, सर्व्हर मीच बघते. “नाही, म्हणजे टेक्निकल बघणारे.” तेही मीच बघते. थोडा वेळ शांतता. मग ते एखाद्या लहान मुलीला समजवावं तसं सावकाश म्हणाले, “मॅडम, सेटिंगमध्ये जा. तिथे प्रिव्हिलेज्ड असं लिहिलेलं दिसेल. त्यावर टिक करा. झालं.” त्याने काय होतं, तुम्हाला माहीत आहे का, असं मी विचारलं. उत्तर आलं, “तुम्ही त्याची काळजी करू नका, तुमचं काम चालू होईल ना?” मी काळजी करू नये! बारा वर्षं मी हेच काम करते आहे. माझ्याजागी दुसरं कोणी असतं तर तुमच्या माणसाने त्याला ‘सर’ म्हटलं असतं आणि एस-ट्रेसची नोंद उघडली असती.

प्रिव्हिलेज्ड केलं की कंटेनरला सगळ्या कॅपेबिलिटी मिळतात, बॉक्समधली सगळी डिव्हाइसेस दिसतात, धोक्याच्या सिस्टिम कॉल अडवणारी सेकॉम्पची गाळणीही उठते. मग वेगळेपण उरलं कुठे? आम्ही ज्यासाठी पैसे मोजले तेच एका टिकने मोडा, असं तुमची कंपनी सांगते आहे. लागते एकच कॅपेबिलिटी, आणि ती वाढवायची सोय तुमच्या पॅनेलवर नाही. तीसुद्धा साधी नाही, हे मला कळतं. २०१४ मध्ये हीच वापरून डॉकर या सॉफ्टवेअरच्या कंटेनरमधून होस्टच्या (मूळ मशिनच्या) फाइली वाचून दाखवल्या गेल्या होत्या, आणि डॉकर ती मुळातून देत नाही ते योग्यच आहे. तुमच्या अभियंत्यांनी विचार करून काढली असेल तर तसं लिहा, पर्याय सांगा, आम्ही ऐकू. काढली, कोणाला सांगितलं नाही आणि वर प्रिव्हिलेज्ड करा म्हटलं, हे मला सहन होत नाही.

दुसरी तक्रार याहून जुनी आहे. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हर परत उठला की त्याने आधीच्या क्लायंटना त्यांची लॉक (फाइलींवरचे ताबे) परत घ्यायला मुदत द्यायची असते. गणेशात ती मुळात ९० सेकंदांची असते. पण आधी कोण जोडलेलं होतं, ही नोंद तुम्ही कंटेनरच्या आतच ठेवता. अपडेटमध्ये कंटेनर नवा बनतो आणि नोंद पुसली जाते. सर्व्हर उठतो तेव्हा तो कोणालाच ओळखत नाही, लॉक परत देत नाही, आणि आमच्या मशिनवर ‘इनपुट आउटपुट एरर’ येऊन काम मरतं. मागच्या अपडेटच्या रात्री एकोणीस तास चाललेलं नकाशाजोडणीचं काम असंच गेलं. त्या नोंदीचं फोल्डर बाहेरच्या कायम डिस्कवर ठेवा, इतकं सोपं आहे. हे मी मार्चपासून तीन वेळा लिहिलं आहे. त्यावर उत्तर एकदाच आलं, तेही फायरवॉलवर १११ हा पोर्ट उघडा असं. आम्ही फक्त चौथी आवृत्ती वापरतो, तिला २०४९ पुरतो.

तुमचा हा तिसरा बॉक्स आमच्याकडे आहे. पहिल्या दोघांच्या भरवशावर मी दोन ओळखीच्या ऑफिसांनाही तुमचंच नाव सुचवलं. आता त्यांना फोन करून अपडेट घेऊ नका असं सांगावं लागलं, आणि ते सांगताना मला लाज वाटली.

मला तीन गोष्टी लेखी हव्या आहेत: प्रिव्हिलेज्ड न करता सर्व्हर चालेल अशी दुरुस्ती, लॉकच्या नोंदी कायम डिस्कवर, आणि तक्रार बंद करणाऱ्याने माझी माफी मागणं. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर वार्षिक देखभालीचा करार आम्ही वाढवणार नाही, बॉक्स परत पाठवू आणि पैशांसाठी वकिलामार्फत नोटीस देऊ. मालकांशी माझं बोलणं झालं आहे.

या प्रकरणी फोन आला तरी तो मीच घेईन. दुसऱ्या कोणाला देणार नाही.

सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर,
पुणे