श्रुतिका तळटिपेत नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाटककारांच्या कारकिर्दीचा आढावा घेणारे लेख वृत्तपत्रांतून वरचेवर येतात. त्यांत रंगमंचावर आलेल्या नाटकांची साले, दिग्दर्शक, कलावंत आणि पुरस्कार यांची तपशीलवार नोंद असते आणि शेवटी ‘याखेरीज त्यांनी अनेक श्रुतिकाही लिहिल्या’ असे एक वाक्य येते. त्या श्रुतिका, म्हणजे रेडिओसाठी लिहिलेली नाटके, कोणत्या आणि कधी प्रसारित झाल्या, हे वाचकाला कळत नाही. हा मोघमपणा त्या लेखकांवर अन्याय करणारा आहे, असे मला ठामपणे वाटते.

नेपथ्य आणि प्रकाशयोजना वगळली की नाटकाची श्रुतिका होते, हा समज या अनास्थेच्या मुळाशी असावा. वास्तविक ती स्वतंत्र रचना असते. ब्रिटिश लेखक रिचर्ड ह्यूज यांची ‘डेंजर’ ही श्रुतिका बीबीसीवरून जानेवारी १९२४ मध्ये प्रसारित झाली. तिच्यात कोळशाच्या खाणीतले दिवे जातात आणि पात्रांना काही दिसेनासे होते, म्हणजे ती थेट श्रोत्याच्याच अवस्थेत येतात. रंगमंचावर गप्प उभे असलेले पात्र प्रेक्षकाला दिसत राहते. श्रुतिकेत मात्र जरा वेळ न बोललेले पात्र श्रोत्याच्या लेखी तिथून निघूनच गेलेले असते. म्हणून लेखकाला कुणाच्या तरी तोंडी त्याचे नाव घालावे लागते, नाही तर त्याचे खाकरणे, खुर्ची सरकवणे संहितेत मुद्दाम योजावे लागते. आयरिश नाटककार सॅम्युअल बेकेट यांनी १९५७ मध्ये प्रसारित झालेल्या ‘ऑल दॅट फॉल’मध्ये या अडचणीलाच आशयाचा भाग केले. इतरांचे संभाषण रंगले असताना त्यातली वृद्ध मॅडी मध्येच बजावते की, मी गप्प आहे म्हणून मी इथे नाही असे समजू नका. वयाने आणि आजाराने समाजाच्या नजरेआड गेलेल्या बाईचे ते दुःख आहे, आणि ते कानांनीच अनुभवायचे आहे. ही श्रुतिका रंगमंचावर आणायला बेकेट यांचा विरोध होता, यात मला नवल वाटत नाही.

कारकिर्दीच्या दृष्टीनेही या लेखनाचे स्थान पहिल्या ओळीतले आहे. ब्रिटिश नाटककार कॅरिल चर्चिल यांची ‘द अँट्स’ १९६२ मध्ये रेडिओवर आली. ज्या ‘ओनर्स’मुळे रंगभूमीने त्यांची दखल घेतली, ते नाटक १९७२ मधले. मधल्या काळातील त्यांच्या श्रुतिका बाजूला ठेवल्या, तर १९७२ मधली ती सफाई एकाएकी कुठून आली याचा उलगडा होणार नाही. ब्रिटिश नाटककार टॉम स्टॉपर्ड यांनी तर नाव झाल्यावरही रेडिओ सोडला नाही. १९९१ मधल्या ‘इन द नेटिव्ह स्टेट’ या श्रुतिकेवरूनच पुढे १९९५ मध्ये त्यांचे ‘इंडियन इंक’ हे नाटक उभे राहिले. आपल्याकडे रत्नाकर मतकरी यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका १९५५ मध्ये आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून सादर झाली, तेव्हा ते अवघे सोळा-सतरा वर्षांचे होते.

श्रुतिका अनेकदा एकदाच प्रसारित होते, तिची संहिता क्वचितच छापली जाते आणि ध्वनिमुद्रण जपले जाईलच याची खात्री नसते. नाटकाची आठवण प्रेक्षक, नट आणि परीक्षणे मिळून सांभाळतात. श्रुतिकेच्या वाट्याला परीक्षणही सहसा येत नाही. आज पॉडकास्ट आणि श्राव्य मालिकांसाठी लिहिणाऱ्या तरुण नाटककारांचीही हीच गत होण्याची भीती आहे, कारण त्यांचे काम एखाद्या ऑनलाइन मंचावरून काढून टाकले गेले, तर ते झाले होते याचा छापील पुरावासुद्धा उरणार नाही.

म्हणून विनंती अशी की, आपल्या दैनिकाने नाटककारांवरील लेखांत श्रुतिकांची नावे, प्रसारणाचे साल आणि निर्मात्याचे नाव नाटकांच्या बरोबरीने द्यावे, आणि नाट्यपरीक्षणाच्या सदरात महिन्यातून एकदा तरी एखाद्या नव्या श्राव्य नाटकाचे सविस्तर परीक्षण छापावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक