फॅब्रिकेशनवाल्या मामांना जाहीर पत्र

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईल फक्त बोलायला वापरता, तरी मुद्दाम इथे लिहितोय. नातू वाचून दाखवेलच. शिवाय औसा-निलंग्याकडच्या आणखी काही जणांनी हे वाचावं, अशी माझी फार इच्छा आहे.

शेतातल्या शेडला पत्र्याखाली आतून दुसरं छत करून पुरं झालं. आई आता दुपारची तिथेच आडवी होते, पंख्याखाली. मागच्या मे महिन्यात त्याच जागी पंखा लावला की गरम वाराच तोंडावर यायचा. आजीचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या जाड छताचं घर उन्हाळ्यात किती गार असायचं, हे आई अजून सांगते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि डोक्यावरच्या मातीची, भिंतीतल्या दगडांची धास्तीच बसली. मग आमच्याकडे आला पत्रा. जीवाची भीती गेली, उकाडा मात्र कायमचा मुक्कामाला आला.

छत करून घ्यायला आधी एका ठेकेदाराला गाठलं होतं. साहेबांनी मापं घेतली, उचल घेतली आणि नंतर फोन घेणं बंद केलं. दुकानदार त्याच्याही वरचढ. चांदीसारखी चमकणारी फोमशीट दाखवून म्हणाला, “थेट पत्र्याला चिकटवा, एसीची गरज नाही.” मी खर्चाचा हिशोब विचारला, तर गडी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तुमच्याकडे मी फक्त अँगलचे दोन तुकडे कापून घ्यायला आलो होतो. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, “कशाला पाहिजेत?” आणि हातातलं काम बाजूला ठेवलंत. “चमकी पत्र्याला चिटकवू नको लेकरा. मधी दोन बोटं हवा राहू दे, तरच ती ऊन माघारी फिरवती.” खरंच आहे. तापलेला पत्रा खाली फेकतो ती उष्णता चमकीवरून परत फिरते, पण मध्ये मोकळी जागा असली तरच. थर्मोकोलला रबरी सोल्युशन लावलं तर थर्मोकोल विरघळतं, वायर त्यातून उघडी न्यायची नाही, पाइपातूनच न्यायची, आढ्याजवळची फट बुजवायची नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. एवढं फुकट शिकवणारा माणूस मला तरी बाजारात दुसरा भेटला नाही.

पण मामा, माझ्या मनात राहिलाय तो टेकू.

पीव्हीसीची दहा फुटी पट्टी एकट्याने वर धरायची आणि त्याच वेळी स्क्रूही मारायचा, ही कसरत ज्याने केली त्यालाच ठाऊक. एक टोक खाचेत बसवावं तर दुसरं खाली लोंबतं. मी एकटाच काम करणार हे तुम्ही बोलता बोलता हेरलंत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद करून तुम्ही मोटारसायकलला बांबू बांधून शेतात आलात. वरच्या टोकाला आडवी फळी ठोकलेली, आणि फळीवर जुन्या धोतराची घडी, सुतळीने घट्ट आवळलेली. पट्टीला ओरखडा पडू नये म्हणून! उंची छतापेक्षा अर्धा इंच जास्त, म्हणजे बुंधा जरा आत ढकलला की पट्टी आपसूक दाबून बसते. ती उंची तुम्ही कधी मोजलीत, मला अजून कळलेलं नाही. “तिसरा हात घे,” एवढंच म्हणालात आणि चहाला न थांबता निघालात.

धोतराची ती घडी बघून मला भरून आलं होतं, हे तेव्हा बोललो नाही. पैसे घेणाऱ्यांना माझ्या छताची फिकीर नव्हती, आणि ज्याचा एक रुपयाही अडकलेला नव्हता तो माणूस पट्टीच्या ओरखड्याचा विचार करत होता. आपल्या भागात नाव दुष्काळाचं निघतं, अशा माणसांचं निघत नाही. निघायला पाहिजे.

पैशाचं विचारलं तेव्हा तुम्ही हात झटकलात. ठीक आहे. पण यंदा तुरीची रास झाली की एक कट्टा तुमच्या घरी येणार. आई स्वतः घेऊन येणार आहे, आणि तिला नाही म्हणणं तुम्हाला जमायचं नाही.

आपला,
पत्र्याच्या शेडवाला भाचा