पहाटे चारच्या घंटेवाल्या काकूंना

काकू, स. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. शिबिराच्या दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा तुम्ही भोजनालयात कामात होता आणि नंतर गर्दीत दिसलाच नाहीत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रात मी विपश्यनेच्या, म्हणजे मौन पाळून करायच्या ध्यानाच्या, दहा दिवसांच्या शिबिराला आले होते. मी पतसंस्थेत रोखपाल आहे. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी रोकड दोन हजारांनी कमी भरली. दोन दिवसांनी चूक सापडली, ती माझी नव्हतीच. पण त्या दोन रात्रींत माझा स्वतःवरचा भरवसा उडाला, तो परत आलाच नाही. नोटा चार-चारदा मोजायच्या. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरायचं. बहिणीशी फोनवर बोलले की रात्रभर घोकायचं, तिला लागेल असं काही बोललो का?

शिबिरात पहिले तीन दिवस फक्त आनापान. येणारा-जाणारा श्वास आणि नाकाखालची ती इवलीशी जागा. मी सवयीने श्वाससुद्धा मोजू लागले. आचार्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "मोजायचं नाही, नुसतं जाणायचं." न मोजताही एखादी गोष्ट बरोबर असू शकते, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तरी सहाव्या दिवशी मी बॅग भरली. गुडघे पेटले होते, त्याहून जास्त डोकं. सगळ्यांना जमतंय, तुलाच जमत नाही. चहाच्या सुट्टीत पावसात व्हरांड्यात उभी होते, तेव्हा तुम्ही आलात. रागावला नाहीत, समजूतही घातली नाहीत. हळू आवाजात एवढंच म्हणालात, "पहिल्या शिबिरात मीही बॅग भरली होती, ताई. सहाचं अधिष्ठान, म्हणजे न हलता बसायचा तो तास, बसून घ्या. मग मी स्वतः तुम्हाला आचार्यांकडे नेते."

बसले. तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. डाव्या गुडघ्यातली कळ वाढली, थरथरली, विरली, पुन्हा आली. 'तुला जमणार नाही' हे वाक्यही तसंच आलं, थांबलं, गेलं. तीन वर्षं मी त्या वाक्याशी भांडत होते, त्याच्याकडे शांतपणे बघितलं मात्र कधीच नव्हतं. प्रवचनात रोज कानावर पडणारं 'अनिच्च', म्हणजे काहीच कायम टिकत नाही, हे त्या तासात अंगात कळलं. तास संपल्यावर रडले, पण त्या रडण्यात भीती नव्हती. भरलेली बॅग रात्री परत रिकामी केली.

आम्हाला चारला उठवायचं म्हणजे तुम्ही त्याआधी उठत होतात. धम्मसेवेला, म्हणजे शिबिरात तुम्ही करता त्या कामाला, मोबदला नसतो, शिबिराला शुल्क नसतं. माझे दहा दिवस तुमच्यासारख्या कुणाच्या तरी दानावर निघाले. हे ऋण मला फार जवळचं वाटतं.

संशय अजून येतो, काकू. रोकड आता नियमाप्रमाणे दोनदा मोजते आणि कपाट बंद करते. दिवाळीनंतर दहा दिवसांची रजा टाकली आहे, सेवेसाठी. पहाटेची घंटा माझ्या वाट्याला यावी एवढी इच्छा आहे, आणि तुम्ही तिथे असाल तर यावेळी नाव विचारेन.

तुमची,
सहाव्या दिवशी थांबलेली साधिका