बाबांच्या कमरेवरचे चट्टे

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही "खाज कमी आहे" म्हणून विषय बदललात, म्हणून लिहितेय. ट्यूब लावली की चट्टे फिके पडतात, थांबवली की पुन्हा तिथेच उमटतात. खरवडून तपासलं तेव्हा बुरशी सापडली नाही, म्हणजे नायटा म्हणून सोडून देता येत नाही. डॉक्टरांनी बायोप्सी (कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणी) सांगितली आहे, ती करूया.

त्यांना शंका आहे मायकोसिस फंगॉइडिसची. त्वचेत उतरलेल्या टी पेशींचा (या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) हा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोगच. तुमच्यापासून लपवणार नाही. पण बहुतेकांमध्ये तो फार हळू वाढतो. सुरुवातीला सपाट, बारीक कोंडा सुटणारे चट्टे येतात, तेही बहुधा ऊन न लागणाऱ्या जागी: कमर, कुल्ले, मांड्या. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही. चट्टा तपकिरी, नाहीतर आसपासपेक्षा फिकट दिसतो. म्हणून कुणाला इसब वाटतं, कुणाला सोरायसिस, कुणाला कोड, तर कुणाला कुष्ठरोगही. पहिल्या बायोप्सीत स्पष्ट काही आलं नाही तर पुन्हा करावी लागते. तेव्हा कंटाळायचं नाही. आणि स्टिरॉइडच्या मलमाने खुणा झाकल्या जातात, म्हणून बायोप्सीआधी ते किती दिवस बंद ठेवायचं हे डॉक्टरांना विचारा.

आई, बघण्याचं काम तुझं. बाबा लाजतील, तू ऐकू नकोस. अंघोळीनंतर खिडकीच्या उजेडात पाठ, कमर, मांड्यांची मागची बाजू नीट पाहा. चट्टा हाताला जाड, उंच लागतो का? कुठे गाठ आलीय, फुटलीय? काखेत, जांघेत काही लागतंय? अंगभर लाली पसरली, तळपायांना भेगा पडल्या, तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

आणि बाबा, हा आजार निघालाच तरी तो स्पर्शाने पसरत नाही. तुम्ही नातवाला मांडीवर घ्यायचं टाळता, ते मला फार लागतं. त्याला घ्या. चट्टे अंगाच्या 10 टक्क्यांहून कमी असतील (बोटांसकट आपला तळहात म्हणजे साधारण 1 टक्का) आणि गाठी नसतील, तर बहुतेक माणसं इतरांइतकंच जगतात. मलमं आणि नॅरोबँड यूव्हीबी या अतिनील किरणांच्या उपचारावरही अनेकांचं भागतं.

सोमवारी मी येतेय. जुने रिपोर्ट आणि संपलेल्या ट्यूबसुद्धा फेकू नका, डॉक्टरांना दाखवायच्या आहेत.

तुमची,
मनू